पाणी निवळलं की…

घटस्थापना जवळ आली की आपल्या सगळ्याजणींच्या घरात एकच धांदल असते. डबे घासायचे, अंथरुणं-पांघरुणं उन्हात टाकायची, कोपऱ्याकोपऱ्यातली जाळी काढायची. त्याच दिवसांत नदीकाठच्या ढिवर वस्तीतही जाळी बाहेर निघतात. पण ती जळमटांची नव्हेत बरं का, मासे धरायची! अंगणभर पसरलेली ती जाळी उन्हं खातात, उंदरांनी कुरतडलेली भोकं सांधली जातात, काठाचे शिशाचे मणी एकेक करून तपासले जातात. पावसाळाभर दांडीवर पडून राहिलेला संसार पुन्हा पाण्यात उतरायची तयारी करत असतो.

आम्ही भंडाऱ्याकडची माणसं. तळ्यांचा जिल्हा म्हणून आमची ओळख, आणि मधून वाहणारी वैनगंगा ही आमची माय. मासोळी आमच्या भागात अनेक घरांत आवडीने खाल्ली जाते. पण ताटातली मासोळी नदीतून ताटापर्यंत कशी येते, आणि तिच्यामागे किती बायकांचे हात असतात, याचा विचार आपण क्वचितच करतो. बचत गटाच्या कामामुळे माझं गेली काही वर्षं ढिवर वस्तीत जाणं-येणं आहे. तिथल्या मावश्यांकडून, काकूंकडून जे ऐकलं, पाहिलं, ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं.

शरदातलं पाणी

पावसाळ्यात नदीला पूर आला म्हणजे भरपूर मासे मिळत असतील, असं आपल्याला वाटतं. प्रत्यक्षात उलटंच आहे. रोहू, कटला, मृगळ या माशांचा अंडी घालायचा काळ पावसाळाच. पुराचं वाहतं पाणी लागलं की ते प्रवाहाच्या विरुद्ध वर चढतात, काठालगतच्या उथळ, पसरलेल्या पाण्यात अंडी घालतात. शेतात, नाल्यांत, बोड्यांत जिथे जिथे पाणी शिरतं तिथे तिथे पिल्लं वाढतात. या दिवसांत जाळं टाकणं म्हणजे पुढच्या वर्षाचं बियाणंच खाऊन टाकण्यासारखं. शिवाय पुराच्या पाण्यात डोंगा घालणं म्हणजे जिवाशी खेळ.

आश्विन लागला की चित्र पालटतं. पूर ओसरतो. शेतांत, नाल्यांत पसरलेलं पाणी परत नदीकडे वळतं आणि त्याच्याबरोबर लहान-मोठे मासेही उतरतात. प्रवाहाचा जोर कमी होतो, गाळ खाली बसतो, पाणी निवळतं. अंडी घालून हलका झालेला मासा आता भरपूर खातो आणि पुन्हा अंग धरतो. थंडी वाढली की तो खोल डोहात जाऊन सुस्तावतो, खाणंही कमी करतो. म्हणजे पूर ओसरल्यापासून कडाक्याची थंडी पडेपर्यंतचे हे दीड-दोन महिने नदीतल्या मासेमारीचे खरे दिवस.

वस्तीतल्या एका मावशींनी हे सगळं मला दोन वाक्यांत सांगितलं होतं. ‘‘पानी गढूळ असलं का जाळ्यात कचराच येते, बाई. पानी निवळलं का मंग मासोळी.’’ शाळेचं तोंडही न पाहिलेल्या या बाईला नदीचा रंग पाहून आज जाळं टाकायचं की गरी, हे कळतं. वाम कुठल्या दगडाच्या कपारीत असेल, मरळ कुठल्या गवताशी श्वास घ्यायला वर येईल, शिंगाडा मासा तळाशी कसा फिरतो, हे ती सहज सांगते. (हो, शिंगाडा नावाचा मासाही असतो. उपासाचा शिंगाडा वेगळा. त्याची गंमत पुढे आहे!)

पूर्वी तळ्यांत सोडायचं मत्स्यबीज पुराच्या वेळी नदीतूनच गोळा करावं लागे. १० जुलै १९५७ रोजी आपल्या शास्त्रज्ञांनी संप्रेरकाचं इंजेक्शन देऊन या माशांना कृत्रिमरीत्या अंडी घालायला लावण्यात यश मिळवलं. तेव्हापासून बीज केंद्रांत तयार होऊ लागलं. आज वस्तीतल्या बायकांच्या तोंडीही ‘जिरे’ आणि ‘बोटुकली’ हे शब्द अगदी रुळलेत. जिऱ्याएवढं पिल्लू ते जिरे आणि बोटाएवढं झालं की बोटुकली. किती गोड शब्द आहे ना! पण तळ्यात बोटुकली विकत आणून सोडता येते. नदीत मात्र नदी जे देईल तेच.

आपला उपास आणि तिचा हंगाम

आता एक गणित मांडून बघा. श्रावणात आपण मांसाहार सोडतो. मग गणपती, गौरी. मग पितृपक्ष. मग नवरात्र. म्हणजे दसऱ्यापर्यंत बाजारात मासोळीला गिऱ्हाईक बेताचंच. दसऱ्यानंतर मागणी सुरू होते, ती दिवाळी, भाऊबीज आणि त्यानंतरच्या मंडईपर्यंत. आणि लगेच येतो मार्गशीर्ष. महालक्ष्मीचे गुरुवार सुरू झाले की पुन्हा बऱ्याच घरांतली मासोळी बंद. त्यात दर आठवड्याचे सोमवार, गुरुवार, शनिवार, आणि महिन्याच्या चतुर्थ्या, एकादश्या आहेतच.

उपास करू नका असं मी मुळीच म्हणत नाही. मी स्वतःही करते. पण आपल्या देवघरातल्या कॅलेंडरवर तिच्या घरची चूल किती अवलंबून असते, हे मला तिच्याशेजारी बाजारात बसल्यावर समजलं. गुरुवारच्या बाजारात अर्धी टोपली तशीच उरलेली असताना ती म्हणाली, ‘‘तुमचा सोमवार हाय, तुमचा गुरुवार हाय. आमाले पोट मात्र रोजच हाय.’’ बोलताना तिच्या आवाजात राग नव्हता. हसतच होती.

आणि आता ती शिंगाड्याची गंमत. नवरात्रात आपण उपासाला शिंगाड्याच्या पिठाचा शिरा करतो, थालीपीठ लावतो. आमच्याकडच्या तळ्यांत हा शिंगाडा पिकवतं कोण? तर हीच ढिवर मंडळी! गळाभर पाण्यात उतरून, वेली उलट्या करून, काटे टोचून घेत फळं तोडायची, घरी आणून उकडायची, सोलायची. उकडण्या-सोलण्याचं काम बहुतेक बायकांचंच. म्हणजे आपण मासोळी खाल्ली तरी तिच्या हातची आणि सोडली तरी उपासाचा घास तिच्याच हातचा.

दिवाळीनंतरची मंडई हा आमच्या झाडीपट्टीचा मोठा आनंदसोहळा. गावोगावी मंडई भरते, रात्रभर दंडार आणि नाटकं रंगतात, लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. पाहुण्यांनी घर भरलं की मासोळीच्या रश्शाचा बेत होतो. लसूण, धणे, सुकी लाल मिरची पाट्यावर वाटून, वर चिंचेचा कोळ घालून केलेला तो रस्सा आणि सोबत नव्या धानाचा भात… ज्यांनी खाल्लाय त्यांना जास्त सांगायला नको. विक्रेत्या बाईसाठी हे आठ-पंधरा दिवस म्हणजे वर्षाची कमाई. मुलांची वह्या-पुस्तकं, सावकाराची उधारी, घरावरची कौलं, सगळं या दिवसांवर ढकललेलं असतं.

जाळं त्याचं, कष्ट तिचे

मासेमारी म्हटली की डोळ्यांपुढे डोंग्यात उभा राहून जाळं फेकणारा पुरुष येतो. ते खरंच आहे. पण ते अर्धंच चित्र झालं. पहाटे तीनला उठून भाकरी बांधून देणारी, दुपारी जाळ्यातला गाळ-काड्या काढणारी, फाटलेलं सांधणारी कोण? मासोळी काठावर आली की तिची प्रतवारी करणारी, टोपली डोक्यावर घेऊन पाच-सात किलोमीटर चालत बाजार गाठणारी, गिऱ्हाइकाला राखेने घासून, विळीवर कापून देणारी, उरलेली सुकवणारी कोण? नाल्यांत आणि उथळ पाण्यात हाताच्या छोट्या जाळीने या बायका स्वतःही मासे धरतात.

त्यांचे हात एकदा बघा. पाण्याने आणि बर्फाने बोटांच्या बेचक्यांत चिरा पडलेल्या असतात. काट्यांनी झालेल्या जखमा लवकर भरत नाहीत. बाजारात त्यांची जागा बहुतेक ठिकाणी गटाराच्या कडेला. वर छप्पर नाही, जवळ पाण्याचा नळ नाही, बायकांसाठी मुतारी नाही. म्हणून दिवसभर पाणीच प्यायचं नाही, हा त्यांचा उपाय. लघवीच्या जळजळीच्या तक्रारी आरोग्य शिबिरात सर्वांत जास्त याच बायकांकडून ऐकल्या. बाजाराची पावती मात्र त्यांच्याकडून न चुकता फाडली जाते!

महाभारतातली सत्यवती आठवते ना? कोळियाची पोर, यमुनेवर नाव चालवायची आणि पुढे हस्तिनापूरची राणी झाली. ‘मत्स्यगंधा’ म्हणून नाटकातून आपण तिचं कौतुक केलं. पण आजच्या मत्स्यगंधेच्या शेजारी एसटीत बसायची वेळ आली की आपण नाकाला पदर लावतो. खरं की नाही?

भिंतीखालचं पाणी

वैनगंगा मध्य प्रदेशातल्या सिवनी जिल्ह्यात उगम पावते, बालाघाटहून आपल्याकडे येते, पुढे वर्धा नदीला भेटून प्राणहिता होते आणि गोदावरीला मिळते. आमच्या पवनी तालुक्यात तिच्यावर गोसीखुर्दचं धरण आहे. १९८८ मध्ये त्याचं भूमिपूजन झालं. ३३ दरवाज्यांचं हे धरण. शेतीला पाणी मिळावं म्हणून ते बांधलं आणि पाण्याची गरज कोण नाकारेल? पण नदीच्या माशांचं काय झालं, हे विचारायला ढिवर वस्तीत कुणी गेलं नाही.

धरणाच्या भिंतीखाली पावसाळ्याच्या शेवटी मासे गर्दी करतात. त्यांना वर चढायचं असतं आणि वाट भिंतीशी संपते. जगात सगळीकडे असंच होतं. अमेरिकेत मिसिसिपी नदीवर वॉलाय आणि सॉगर नावाचे मासे थंडीच्या सुरुवातीला धरणांच्या खाली जमतात आणि गळ टाकायला हौशी माणसं होड्या घेऊन तिथे गर्दी करतात. फरक इतकाच की तिकडे बहुतेकांची ती हौस आहे. परवाना काढायचा, दिवसाला ठरलेले तेवढेच मासे न्यायचे, बाकीचे सोडायचे. आपल्याकडे त्याच भिंतीखाली पोटासाठी उतरतात. वरून पाणी सोडलं की काही मिनिटांत पातळी वाढते. भोंगा वाजतो, पण वाऱ्याच्या आणि पाण्याच्या आवाजात तो सगळ्यांच्या कानी पडेलच असं नाही.

झिंग्याची कहाणी तर अजून वेगळी. गोदावरीच्या खोऱ्यातला हा मोठा झिंगा राहतो गोड्या पाण्यात, पण त्याच्या अंड्यांतून निघालेल्या पिल्लांना सुरुवातीचे काही आठवडे समुद्राजवळचं मचूळ पाणीच लागतं. थोडी मोठी झाली की ती नदीतून वर चढत येतात. आता त्यांची वाट बघा. राजमहेंद्रीजवळ धवळेश्वरमचा बंधारा इंग्रजांच्या काळापासून आहे. त्याच्या वर गोदावरीवर मेडीगड्डा, वैनगंगेवर चिचडोह आणि मग गोसीखुर्द. इवल्याशा जिवाने किती भिंती ओलांडायच्या? वस्तीतल्या म्हाताऱ्या बायका सांगतात, पहिले झिंगे टोपलीने यायचे, आता ओंजळीने मोजावे लागतात.

त्यात नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन येणारी नाग नदी कन्हानला मिळते आणि कन्हान अंभोऱ्याजवळ वैनगंगेला. पाच नद्यांचा संगम म्हणून आपण अंभोऱ्याला दर्शनाला जातो, हात जोडतो. पण त्या पाण्यातून काय काय वाहत येतं, ते जाळं ओढणाऱ्याला विचारावं. धरणाच्या फुगवट्यात जलपर्णी माजते, जाळं अडकतं, अंगाला खाज सुटते. शहरातल्या आपल्या मोरीचं पाणी शेवटी कुणाच्या तरी जाळ्यातून जातं.

वहीत नाव कुणाचं?

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते. आमच्या बचत गटातली एक ताई. वय पस्तिशीचं, दोन मुली. दिवाळीच्या तोंडावर एका पहाटे तिचा नवरा डोंगा घेऊन गेला. माल चांगला मिळत होता, म्हणून अंधारातच निघाला होता. दुसऱ्या दिवशी दुपारी तो खालच्या डोहात सापडला.

मच्छीमार सोसायटीच्या वहीत त्याचं नाव होतं. पण अपघात विम्याच्या यादीत ते पाठवायचं राहून गेलं होतं. २०२० मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत मच्छीमारांसाठी गट अपघात विमा ठेवला गेला. मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं तर ५ लाख, कायमचं अंशतः अपंगत्व असेल तर अडीच लाख, दवाखान्यासाठी २५ हजारांपर्यंत. हप्ता मच्छीमाराने भरायचा नाही, सरकार भरतं. फक्त नाव नोंदवलेलं हवं. त्या एका नोंदीअभावी तिच्या मुलींच्या हाती काहीच आलं नाही.

वर्षश्राद्ध झाल्यावर ती सोसायटीत गेली आणि म्हणाली, ‘‘मले सभासद करा.’’ तिला विचारण्यात आलं, ‘‘बाई, तू जाळं टाकते का?’’ ती म्हणाली, ‘‘जाळं मी शिवते, मासोळी मी विकते, नाल्यात मासे मी धरते. अजून का करू?’’ तिला हसून परत पाठवलं. दुसऱ्यांदा गेली, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा आम्ही चौघी तिच्यासोबत गेलो. भांडलो नाही. फक्त एवढंच म्हटलं, ‘‘घेत नसाल तर तसं लेखी द्या.’’ लेखी म्हटल्यावर सगळ्यांचे चेहरे बदलले! तरी पुढे आठ महिने गेले. अखेर तिच्या हातात सभासदत्वाची पावती पडली. तिला वाचता येत नाही. तिने ती मोठ्या लेकीकडून तीनदा वाचून घेतली.

सभासदत्वावर इतकं काय अडलंय, असं वाटेल. तर सगळंच अडलंय. तळं किंवा जलाशयाचा ठेका सोसायटीला मिळतो. मत्स्यबीज, जाळी, विम्याची यादी, कर्जाची शिफारस हे सगळं सोसायटीतून जातं. राज्याच्या सहकार कायद्यात संचालक मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेत. पण सभासदच बायका नसतील तर त्या जागांवर बसणार कोण? मत्स्य संपदा योजनेत महिलांसाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुदानाची तरतूद केली गेली, बर्फाची पेटी लावलेली सायकल, मोटारसायकल, तीनचाकी यांच्यासाठीसुद्धा. किसान क्रेडिट कार्डही २०१८-१९ च्या अर्थसंकल्पापासून मच्छीमारांना खुलं झालं. एप्रिल २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा द्यायचा निर्णय घेतला. सगळं चांगलंच आहे. पण जिचं नाव कुठल्याच वहीत नाही, तिच्यापर्यंत यातलं काय पोचणार? शेतकऱ्याच्या बायकोचं सातबाऱ्यावर नाव नसतं, म्हणून आपण इतकी वर्षं बोलतोय. नदीला तर सातबाराही नाही.

आपण काय करू शकतो?

मैत्रिणींनो, आपण धरणं हलवू शकत नाही. पण छोट्या गोष्टी आपल्या हातात आहेत.

मासोळी घेताना कल्ले उघडून बघा. लालभडक असावेत. डोळे स्वच्छ, फुगीर असावेत आणि बोटाने दाबलं तर मांस परत वर यावं. आषाढात अंड्यांनी भरलेली मासोळी आणि बोटाएवढी पिल्लं घेऊ नका. आपण घेतली नाहीत तर कुणी धरणार नाही. ‘थाई मांगूर’ म्हणून स्वस्तात मिळणाऱ्या माशावर आपल्या देशात बंदी आहे, तो टाळा. त्याऐवजी काट्यासकट खाता येणारी बारीक नदीची मासोळी घ्या. वाढत्या मुलींना आणि बाळंतिणीला तिच्यातून चांगलं कॅल्शियम मिळतं.

भाव करताना जरा हात आखडता घ्या. मॉलमध्ये आपण भाव करत नाही, मग तिच्याशीच दहा रुपयांसाठी का भांडायचं? नगरपंचायतीत तुमच्या ओळखीची नगरसेविका असेल तर बाजारात मासे विकणाऱ्या बायकांसाठी ओटा, नळ आणि मुतारी मागा. ते काम एका ठरावाचं असतं.

बचत गटात असाल तर जिल्ह्याच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात एक चक्कर मारा. आज कुठली योजना चालू आहे, विम्याची यादी कधी जाते, कागद कोणते लागतात, हे विचारून घ्या आणि वस्तीत जाऊन सांगा. आमच्याकडे त्या ताईंच्या पाठोपाठ आणखी तिघींनी सभासदत्वाचे अर्ज दिलेत. दोघींचे अजून अडकले आहेत. आम्ही चकरा मारतोय.

यंदाही दसरा होईल, कोजागरीचं दूध आटेल, मंडई भरेल. तेव्हा बाजारात मासोळी घ्यायला थांबलात, की पिशवी पुढे करण्याआधी तिला सहज विचारा, ‘‘मावशी, सोसायटीत तुमचं नाव आहे का?’’ नाही म्हणाली, तर तिचा पहिला अर्ज लिहून द्यायला पाच मिनिटं लागतात.